पोलिसांनी थांबवलं, ठाण्यात बोलावलं, ताब्यात घेतलं : प्रत्येक वेळी कोणता कागद मागायचा?

अॅड_मृणाल (धागाकर्ती)

हक्कांची यादी बऱ्याच जणांना तोंडपाठ असते : चोवीस तास, वकील, घरी फोन. अडतं ते पुढे. ठाण्यात रात्री अकरा वाजता जे झालं ते सहा महिन्यांनी कोर्टासमोर सिद्ध कशाने करायचं? तिथे वेळ लिहिलेला कागद कामाला येतो. तो ज्याच्याकडे असतो त्याचं म्हणणं टिकतं. म्हणून या धाग्यावर प्रत्येक टप्प्याला कायद्याने कोणता कागद तयार व्हायलाच हवा, तो कसा मागायचा आणि तो देणं टाळलं तर काय करायचं, एवढंच बोलू. सगळे संदर्भ १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या बीएनएसएसचे (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३) आहेत. जुने सीआरपीसीचे (आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे) आकडे अजून तोंडात बसलेत, पण अर्जात ते घातले तर अर्ज परत येण्याला निमित्त मिळतं.

पहिला प्रसंग फोनचा. "जरा ठाण्यात येऊन जा, साहेबांना बोलायचंय." इथे विचारायचा प्रश्न एकच : मला साक्षीदार म्हणून बोलावताय की आरोपी म्हणून? दोन्हींची नोटीस वेगळी असते. साक्षीदाराला कलम १७९ खाली लेखी आदेश लागतो, आणि तोही त्या ठाण्याच्या किंवा लगतच्या ठाण्याच्या हद्दीत राहणाऱ्यालाच. ज्याच्यावर संशय आहे पण अटकेची गरज नाही, त्याला कलम ३५(३) ची नोटीस. जुनी ४१-अ ती हीच.

नोटिशीवर गुन्हा रजिस्टर नंबर, कलमं, हजर राहायची तारीख-वेळ-ठिकाण आणि अधिकाऱ्याचं नाव-हुद्दा आहे का ते बघा. गुन्हा नंबरच नसेल तर नोंद झालेला गुन्हा आहे की नुसता तक्रार अर्ज, हे विचारा. अर्जाच्या चौकशीत कुणाला अटक करता येत नाही. व्हॉट्सअॅपवर आलेली ३५ ची नोटीस म्हणजे रीतसर बजावणी नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात सांगितलं आहे. तरीही तिच्याकडे काणाडोळा करू नका. "नोटीस प्रत्यक्ष मिळाल्यावर हजर राहीन" असं लेखी उत्तर त्याच दिवशी पाठवा, म्हणजे "आरोपी सहकार्य करत नाही" हा शेरा बसत नाही.

हजर राहिलात की परत निघण्याआधी नोटिशीच्या आपल्या प्रतीवर "अमुक तारखेला अमुक वाजता हजर, अमुक वाजता सोडलं" असा शेरा आणि सही मागा. नाही दिली तर बाहेर पडल्या पडल्या तपास अधिकाऱ्याला तसा ईमेल. ३५(५) चं संरक्षण (नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला कारण नोंदवल्याशिवाय अटक नाही) या शेऱ्यावरच उभं राहतं.

-----

सुहास_कराड

ज्येष्ठ नागरिक आणि बायकांना सर्रास "चौकीवर या" म्हणतात. त्यांना नकार देता येतो का? की नकार दिला म्हणून आणखी काही मागे लागेल?

-----

अॅड_मृणाल

सुहासदादा, साक्षीदार म्हणून बोलावलं असेल तर स्पष्टपणे देता येतो. १७९ च्या परंतुकात (कलमाला जोडलेल्या अपवादात) १५ वर्षांखालील मुलगा, ६० वर्षांवरील व्यक्ती, कोणत्याही वयाची स्त्री, शारीरिक किंवा मानसिक अपंगत्व असलेली व्यक्ती आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना राहत्या घराखेरीज दुसरीकडे बोलावता येत नाही. जबाब घ्यायचा तर पोलिसांनी घरी यायचं. ते स्वतःहून ठाण्यात यायला तयार असतील तर गोष्ट वेगळी. हे बंधन मोडून बोलावणाऱ्या लोकसेवकाला बीएनएस (भारतीय न्याय संहिता) कलम १९९ खाली ६ महिने ते २ वर्षं सक्तमजुरी आहे.

उत्तर भांडून देऊ नका. दोन ओळी लिहा : "माझं वय ६७. कलम १७९ च्या परंतुकानुसार माझा जबाब माझ्या राहत्या घरी घ्यावा. मी अमुक दिवशी अमुक वेळेत घरी उपलब्ध आहे." सोबत आधार कार्डाची प्रत. उपलब्ध असल्याची वेळ लिहिली की नकाराचा आरोप राहत नाही.

आरोपी असल्यास ही सूट तशीच्या तशी लागू नाही. मात्र ३ वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा असेल आणि व्यक्ती ६० वर्षांवरील किंवा व्याधिग्रस्त असेल, तर ३५(७) नुसार पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय अटक नाही.

-----

निवृत्त_ठाणेअंमलदार

दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण ठाण्यातली लेखणी कशी चालते हे कळलं तर मागणी नेमकी करता येते.

जबाबाबद्दल एक गैरसमज फार जुना आहे. कलम १८० खाली नोंदवलेल्या साक्षीदाराच्या जबाबावर त्याची सही घ्यायची नसते. कलम १८१ तसं स्पष्ट सांगतं. सही मागितली तर "१८१ नुसार सही लागत नाही" एवढं म्हणायचं. फिर्यादीवर मात्र सही लागते, पंचनाम्यावर पंचांची सही लागते, जप्त वस्तूंच्या यादीवर लागते. कोऱ्या कागदावर किंवा खाली जागा मोकळी सोडलेल्या कागदावर कधीच नाही. सही करायचीच असेल तर मजकूर संपतो तिथे लगेच, शेजारी तारीख आणि वेळ. मराठी येत नसेल तर "मजकूर मला हिंदीत वाचून दाखवला" किंवा "वाचून दाखवला नाही", जे खरं असेल ते स्वतःच्या हाताने लिहायचं.

प्रश्नांची उत्तरं खरी द्यायला साक्षीदार बांधील आहे. ज्या उत्तराने तो स्वतःच गुन्ह्यात अडकेल ते द्यायला नाही. १८०(२) मध्ये ती सूट आहे, आणि आरोपीला संविधानाचं अनुच्छेद २०(३).

आता स्टेशन डायरी. कोण कधी आलं, कुणाला कधी आणलं, कोणता अधिकारी कुठे गेला, सगळं तिथे वेळेसह पडतं. अटकेची नोंद एक वाजताची आणि माणूस सकाळी साडेनऊला आणलेला, असं असेल तर डायरी, सीसीटीव्ही आणि मोबाइलचं लोकेशन यांचा मेळ बसत नाही. वकिलाने रिमांडच्या वेळी या तीन गोष्टी राखून ठेवण्याचा अर्ज दिला की अर्धं काम झालं. अटक कागदावर ज्या मिनिटाला लिहिली त्या मिनिटाला सुरू होते असं नाही. माणसाची जा-ये रोखली तिथून ती सुरू होते, असं मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच अशाक हुसेन प्रकरणात म्हटलं आहे. "अटक नाही, फक्त चौकशीसाठी बसवलंय" याला कायद्यात स्वतंत्र खोली नाही.

-----

मेधा_नाशिक

अटक झालीच तर घरच्यांनी पहिल्या तासात काय मागायचं, हे क्रमाने कुणी लिहील का?

-----

अॅड_मृणाल

मेधाताई, अटकेचा पंचनामा म्हणजे अरेस्ट मेमो आधी. कलम ३६ : अटक करणाऱ्याच्या गणवेशावर नाव स्पष्ट दिसलं पाहिजे, मेमोवर घरच्या किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही, आणि अटक झालेल्याची प्रतिस्वाक्षरी. घरच्या माणसाला साक्षीदार म्हणून बोलावलं तर नाही म्हणू नका. त्यानेच अटकेची वेळ स्वतःच्या डोळ्यांनी तपासायची असते. मेमोवर वेळ चुकीची असेल तर सही टाळण्यापेक्षा सहीशेजारी खरी वेळ लिहिणं जास्त उपयोगी पडतं.

मग कारणं. "३०२ मध्ये अटक" (आता १०३) ही कारणं नव्हेत, ते कलम झालं. कारणं म्हणजे या माणसाने काय केल्याचा आरोप आहे आणि त्याला आताच अटक का हवी. २०२३ मध्ये पंकज बन्सल, २०२४ मध्ये प्रबीर पुरकायस्थ, फेब्रुवारी २०२५ मध्ये विहान कुमार असे निकाल येत गेले. शेवटी ६ नोव्हेंबर २०२५ रोजी मिहिर राजेश शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सगळ्याच गुन्ह्यांसाठी सांगितलं : कारणं लेखी हवीत, आरोपीला समजणाऱ्या भाषेत हवीत. घटनास्थळी लेखी देणं शक्यच नसेल तर तोंडी सांगून, दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करण्याच्या किमान २ तास आधी लेखी प्रत. तसं झालं नाही तर अटक आणि त्यानंतरचा रिमांड दोन्ही बेकायदा. कारणं कळवल्याचं सिद्ध करण्याचा भार पोलिसांवर असतो, हे विहान कुमारमध्ये आलं आहे. म्हणून लेखी कारणं मिळाल्याची सही करताना मिळाल्याची वेळ लिहायलाच हवी. ते दोन तास त्यावरूनच मोजले जातात.

कलम ४८ : घरच्या किंवा ओळखीच्या एका व्यक्तीला अटकेची आणि कुठे ठेवलं आहे याची खबर. कुणाला कळवलं याची नोंद ठाण्यातल्या वहीत होते. ती नोंद झाली का, विचारा. कलम ३७ नुसार अटक झालेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप प्रत्येक ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयी दिसेल असं लावायचं असतं. माणूस कुठल्या ठाण्यात आहे हेच कळत नसेल तर ११२ वर फोन करा आणि मिळणारा इव्हेंट नंबर लिहून ठेवा. त्या नंबराला वेळ चिकटलेली असते.

वकील : कलम ३८. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं, पूर्ण वेळ शेजारी बसवता येत नाही. पैसे नसतील तर १५१०० हा विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक. कोठडीतल्या व्यक्तीला, तसंच कोणत्याही स्त्रीला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

-----

डॉ_सरिता

वैद्यकीय तपासणीबद्दल जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त पुरावा इथेच वाया जातो.

कलम ५३ नुसार अटकेनंतर लवकरात लवकर वैद्यकीय अधिकाऱ्याने तपासायचं, इजा आणि तिची अंदाजे वेळ लिहायची, आणि अहवालाची प्रत अटक झालेल्याला किंवा त्याने नेमलेल्या माणसाला द्यायची. प्रत मागणारे फार थोडे असतात. स्त्रीची तपासणी महिला डॉक्टरने किंवा तिच्या देखरेखीखाली. डी. के. बसू निकालाप्रमाणे (डिसेंबर १९९६) कोठडीत दर ४८ तासांनी पुन्हा तपासणी, आणि अटकेच्या वेळी अंगावर असलेल्या लहानमोठ्या इजांचा वेगळा मेमो, अटक झालेला आणि अटक करणारा अधिकारी या दोघांच्या सहीचा.

काय चुकतं? पोलीस दारात उभे असताना "काही त्रास?" असं विचारलं जातं, रुग्ण "नाही" म्हणतो, आणि केसपेपरवर "ताज्या जखमा नाहीत" एवढंच पडतं. तपासणीच्या खोलीत पोलीस कानांच्या अंतरावर नकोत, ही विनंती रुग्ण करू शकतो आणि डॉक्टरने ती मानायला हवी. तळपायांवर मारलं तर बाहेरून वळ दिसेलच असं नाही. सूज, चालताना वेदना आणि बोटांचा बधिरपणा तक्रार म्हणून लिहून घ्यायला सांगा. वळाचा रंग दिवसागणिक बदलतो, म्हणून "निळसर-लाल, अमुक सेंटिमीटर बाय अमुक" असं मोजमाप आणि रंग दोन्ही हवेत. कानशिलात मारली असेल तर कानाचा पडदा तपासून घ्या. लघवीचा रंग चहासारखा गडद झाला तर ते ताबडतोब सांगा. स्नायूंना जबर मार लागल्यावर मूत्रपिंडावर ताण येतो, जिवावर बेतू शकतं.

-----

निवृत्त_ठाणेअंमलदार

डॉक्टरताईंनी लिहिलं ते कोर्टात नेऊन जोडायचं एकच ठिकाण आहे, पहिला रिमांड. दंडाधिकारी विचारतात, "पोलिसांविरुद्ध तक्रार आहे का?" मागे शिपाई उभा असतो, आरोपी मान हलवतो, आणि रोजनाम्यात "तक्रार नाही" पडतं. पुढे ही दोन अक्षरं पुसता पुसत नाहीत. मार लागला असेल तर तिथेच मोठ्याने सांगायचं, कपडा वर करून दाखवायचं, फेरतपासणी मागायची. पुन्हा त्याच कोठडीत जायचं म्हणून भीती वाटते, ती खरी आहे. म्हणून वकिलाने त्याच वेळी न्यायालयीन कोठडीची (पोलिसांऐवजी तुरुंगाच्या ताब्यात ठेवण्याची) मागणी जोडून करायला हवी.

चोवीस तासांत फक्त प्रवासाचा वेळ वगळतात. रविवार, सुट्टी, पीआय साहेब बंदोबस्ताला गेले, यांपैकी काहीही वगळलं जात नाही. सुट्टीच्या दिवशीही दंडाधिकारी नेमलेले असतात.

-----

प्रवासी_रायगड

रस्त्यावरच्या नाकाबंदीचं पण लिहा कुणीतरी. चावी काढून घेतात, मोबाइल उघडून गॅलरी बघतात.

-----

अॅड_मृणाल

मोटार वाहन कायदा कलम १३० : गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याने मागितल्यावर लायसन्स दाखवायचं. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली कागदपत्रं चालतात. कागद ताब्यात घेणं (२०६) आणि गाडी अटकावून ठेवणं (२०७) याला अटी आहेत, आणि दोन्हींची पावती मिळते. चावी काढून घेण्याचा अधिकार देणारं कलम नाही.

मोबाइलचं वेगळं. रस्त्यात फोन चाळण्याचा अधिकार कुणाला नाही. तपासात फोन जप्त करता येतो, कलम १०६ खाली. पण जप्ती पंचनाम्यासह होते आणि कलम १०५ नुसार झडती-जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण करणं आता सक्तीचं आहे, यादी तयार होऊन सह्या होईपर्यंत. पंचनाम्यात मॉडेल, दोन्ही आयएमईआय, सिम नंबर, फोन चालू होता की बंद, आणि लाखेचं सील, हे सगळं आलं का बघा. फोन सील न करता खिशात घालून नेला तर तसा शेरा सहीशेजारी लिहा. पुढे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये बदल झाला नाही हे दाखवणारा डिजिटल ठसा) द्यावी लागते, आणि सील नसलेल्या फोनबाबत बचावाला तिथेच प्रश्न विचारता येतात.

घरझडतीला वॉरंट नसेल तर कलम १८५ : अधिकाऱ्याने कारणं आधी लिहायची, नोंदींच्या प्रती ४८ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांना पाठवायच्या. घरमालकाने अर्ज केला की दंडाधिकाऱ्यांकडून त्या प्रती मोफत मिळतात.

-----

कबीर_नागपूर

व्हिडिओ काढण्यावर : पोलीस ठाणं हे शासकीय गुपितं कायद्यातलं "निषिद्ध ठिकाण" नाही, म्हणून तिथे चित्रीकरण केलं एवढ्यावरून त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हे २०२२ मध्ये सांगितलं. पण अंगावर जाऊन, वाट अडवून चित्रीकरण केलं तर बीएनएस २२१ (कामात अडथळा) लावायला जागा मिळते, आणि हात लागला तर १३२. दोन पावलं मागे, फोन छातीच्या उंचीवर, आवाज चढवायचा नाही. ठाण्यात दुसऱ्या प्रकरणातली पीडित स्त्री किंवा अल्पवयीन मूल चौकटीत आलं तर तो व्हिडिओ प्रसिद्ध करणं स्वतःच गुन्हा ठरू शकतं.

सीसीटीव्हीचंही लिहितो. सर्वोच्च न्यायालयाचा परमवीर सिंग सैनी निकाल (२ डिसेंबर २०२०) : प्रवेशद्वार, लॉकअप, व्हरांडा, पीआय आणि पीएसआयची खोली, स्वच्छतागृहाच्या बाहेर, ठाण्याची मागची बाजू, सगळीकडे आवाजासह कॅमेरे. साठवण १८ महिने, तेवढी यंत्रणा मिळत नसेल तर किमान १ वर्ष. यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी ठाणे प्रमुखाची. म्हणून "त्या दिवशी कॅमेरा बंद होता" या उत्तरावर पुढचा प्रश्न तयार ठेवा : बिघाडाचा अहवाल जिल्हा देखरेख समितीला कोणत्या तारखेला पाठवला?

दोन अर्ज वेगवेगळे करा. एक ठाणे प्रमुखाला, फूटेज जपून ठेवण्यासाठी, प्रत पोलीस अधीक्षकांना. दुसरा माहिती अधिकाराचा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार त्यात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. "सर्व कॅमेऱ्यांचं सर्व फूटेज" असं लिहिलं की अर्ज फेटाळायला सोपा. "दिनांक अमुक, रात्री ९.४० ते ११.१५, ठाणे अंमलदार कक्ष व लॉकअपसमोरील व्हरांडा" असं लिहा. व्यक्तीच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यायची असते. त्या तरतुदीचा उल्लेख अर्जाच्या पहिल्याच ओळीत, कारणासह.

-----

मेधा_नाशिक

आणि तक्रारच घेतली नाही तर? "हद्द आमची नाही", "एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करून घ्या" हे नेहमीचं.

-----

अॅड_मृणाल

दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) माहिती दिली की नोंद सक्तीची, हा सर्वोच्च न्यायालयाचा ललिता कुमारी निकाल, २०१३. हद्दीचं कारण आता कलम १७३ मध्येच संपवलं आहे : गुन्हा कुठेही घडलेला असो, शून्य क्रमांकाने नोंदवून संबंधित ठाण्याकडे पाठवायचा. ऑनलाइन माहिती दिली असेल तर ३ दिवसांच्या आत सही करायला जावं लागतं, ते विसरू नका. ३ वर्षं किंवा जास्त पण ७ वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी होऊ शकते. "चौकशी चालू आहे" असं म्हणाले तर परवानगीची तारीख विचारा, चौदा दिवस मोजता येतात.

नकार मिळाला की पायऱ्या ओलांडू नका. ठाण्यात लेखी अर्ज, पोहोच. मग तोच मजकूर टपालाने पोलीस अधीक्षकांना, आयुक्तालयात उपायुक्तांना (रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, पोहोच मात्र जपा). मग दंडाधिकाऱ्यांकडे १७५(३) खाली, शपथपत्रासह. मधली पायरी चुकली म्हणून परत आलेले अर्ज पुष्कळ असतात. तक्रार पोलिसाविरुद्धच असेल तर १७५(४) ही नवी अडचण येते. कर्तव्य करताना घडलेल्या कृत्याबद्दल वरिष्ठांचा अहवाल आणि त्या अधिकाऱ्याचं म्हणणं आधी येतं. म्हणून अर्जात "हे कृत्य कर्तव्याचा भाग का नाही" यावर स्वतंत्र परिच्छेद हवाच.

-----

सुहास_कराड

आणि ठाण्याबाहेर दाद कुठे? मानवी हक्क आयोग की तक्रार प्राधिकरण?

-----

कबीर_नागपूर

प्रकाश सिंग निकालानंतर (२००६) महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात सुधारणा करून राज्य आणि विभागीय पोलीस तक्रार प्राधिकरणं आणली. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, कार्यपद्धती न पाळता केलेली अटक, खंडणी, जमीन बळकावणं हे त्यांचे विषय. प्राधिकरण चौकशी करून शासनाला अहवाल देतं, स्वतः शिक्षा करत नाही. भरपाई हवी असेल तर मानवी हक्क आयोग, तिथे घटनेपासून १ वर्षाची मुदत. राज्य आयोगाकडे प्रकरण चालू असेल तर राष्ट्रीय आयोग त्यात हात घालत नाही, तेव्हा दोन्हीकडे एकाच वेळी टाकू नका.

सगळ्यात घट्ट मुदत मात्र महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ ची आहे. अधिकाराच्या आडून केलेल्या कृत्याबद्दल खटला किंवा दावा ६ महिन्यांत. शासनाच्या पूर्वमंजुरीने खटला २ वर्षांपर्यंत. मारहाण हे कर्तव्यच नव्हे, म्हणून १६१ लागत नाही, असा युक्तिवाद होतो. तो चालेल या भरवशावर सातवा महिना उजाडू देऊ नका.

-----

अॅड_मृणाल

माणूस आत्ता बेकायदा डांबलेला असेल तर वरच्यापैकी कशाचीच वाट बघायची नाही. अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरण (हेबियस कॉर्पस : डांबलेल्या माणसाला कोर्टासमोर हजर करा, अशी) याचिका. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गकरांसाठी ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच आहे, मुंबई गाठायची गरज नाही. तालुक्यालाच पटकन काही हवं असेल तर बीएनएसएस कलम १०० : बेकायदा अडकवून ठेवलेल्या व्यक्तीच्या शोधाचं वॉरंट प्रांत किंवा प्रथमवर्ग दंडाधिकारी काढू शकतात. अर्ज एका पानाचा असतो. माणूस शेवटचा कुठे, किती वाजता, कोणत्या गाडीत दिसला, कोणी पाहिलं, ११२ चा इव्हेंट नंबर, आणि ठाण्याला पाठवलेल्या ईमेलची प्रत. एवढं जोडलेलं असलं की अर्ज त्याच दिवशी पुढे घेण्याची विनंती करता येते.